पहिल्या वर्षी लांबचं तिकीट काढू नका

माणसांचे, त्यांच्या चालीरीतींचे, कामधंद्याचे फोटो काढायचेत असं सांगणारी बरीच मुलंमुली भेटतात. बहुतेकांची यादी तयार असते: लडाख, वाराणसी, पुष्कर. माझं सांगणं एकच असतं. पहिल्या वर्षी लांबचं तिकीट काढू नका. एसटीने दोन-तीन तासांत पोचता येईल, खिशात फारसे पैसे नसतानाही पुन्हा जाता येईल, असा एक विषय धरा आणि तिथे जात राहा.

कारण नव्या ठिकाणी सगळंच फोटोसारखं दिसतं. पहिल्या दोन दिवसांत जे डोळ्यांत भरतं, ते आपल्याआधी आलेल्या प्रत्येकाच्या डोळ्यांत भरलेलं असतं. ज्ञानोबांची पालखी दिवे घाट चढते त्या दिवशी वरच्या वळणांवर कॅमेऱ्यांची दाटी होते आणि संध्याकाळी बहुतेकांकडे तोच फोटो असतो: नागमोडी रस्ता, पांढऱ्या टोप्या, भगव्या पताका. फोटो सुंदर असतो, त्याबद्दल वाद नाही. पण दिंडीच्या ट्रकवर लादलेला संसार, पहाटे अंधारात टँकरपाशी चाललेल्या आंघोळी, मुक्कामी एकमेकींच्या पायांना तेल चोळणाऱ्या बाया, हे घाटाच्या माथ्यावरून दिसत नाही. त्यासाठी एका दिंडीबरोबर चालावं लागतं आणि पुढच्या आषाढात त्याच दिंडीत परत जावं लागतं.

माझा विषय धनगरांचा वाडा, म्हणजे मेंढरं घेऊन फिरणाऱ्या कुटुंबांचा तळ. फलटण, माण, खटाव भागातले मेंढपाळ दिवाळीच्या सुमारास चाऱ्यासाठी बाहेर पडतात. काही वाडे घाट उतरून कोकणात जातात. भात निघालेल्या शेतांत शेतकरी मेंढरं बसवून घेतात, कारण लेंडीखत जमिनीला सोनं आहे. बदल्यात धान्य किंवा पैसे मिळतात. दख्खनी मेंढीला कोकणातला पाऊस सोसत नाही, म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर वाडे माघारी फिरतात.

या लोकांचे जे फोटो छापून येतात त्यांत लाल पागोटं, खांद्यावर घोंगडी आणि सुरकुतलेला चेहरा असतो, तोही बहुधा काळ्या-पांढऱ्यात. मला या फोटोंचा मनापासून कंटाळा आहे. त्यात मेंढपाळाचं काम कुठेच नसतं, आणि ज्या हा सगळा गाडा ओढतात त्या बाया तर नसतातच. पुरुष मेंढरं घेऊन सकाळी निघाले, की बिऱ्हाड आवरून घोड्यांवर लादायचं, चालता न येणारी कोकरं आणि कोंबड्याही वर चढवायच्या, पुढचं रान गाठायचं, चूल मांडायची, पाणी आणायचं, हे सगळं बाया करतात.

वाड्यावरचा सगळ्यात दाट क्षण दिवस मावळताना येतो. दिवसभर मागे ठेवलेली कोकरं कळप येताच ओरडायला लागतात, मेंढ्याही ओरडतात, आणि त्या गोंगाटात एक बाई दोन्ही हातांत एकेक कोकरू घेऊन चालत असते. कुठलं कोकरू कुणाचं, हे तिला कुठल्याही खुणेशिवाय ठाऊक असतं. आईने वास घेतला, पाजायला उभी राहिली, की बाई पुढच्याकडे वळते. वाघर, म्हणजे कळपाभोवतीची जाळी, तोवर लागलेली असते. उजेड भराभर जातो. माझ्याकडे तेव्हा ३५ मिलिमीटरची लेन्स असते, आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची क्षमता) ३२००, शटरचा वेग १/१२५ सेकंदापेक्षा संथ नाही, फ्लॅश कधीच नाही. मी वाघरीच्या बाहेर खाली बसतो, कारण अनोळखी माणूस आत उभा राहिला की मेंढरं बुजतात. कुठे बसायचं आणि ती बाई कुठून वळेल, हे कॅमेरा पिशवीत ठेवून काढलेल्या संध्याकाळींनी शिकवलं. बसलेल्या माणसाच्या हातात कुणीतरी एक कोकरू देऊन जातंच.

पुढच्या खेपेला आधीचे फोटो छापून न्या. चार बाय सहा इंचाचे प्रिंट पुरतात. लॅमिनेशन करा, बिऱ्हाड उघड्यावर असतं. देणं हा साधा व्यवहार झाला. त्याहून मोठा फायदा म्हणजे फोटो बघताना लोक बोलतात. “यात घोडं नाही आलं”, “सासूबाईंचा एकटीचा काढा”, “चूल पेटलेली हवी होती”. आपण काय बघायला चुकतोय याचा इतका थेट धडा कुठल्याही कार्यशाळेत मिळत नाही.

आता नावांविषयी. अमेरिकन छायाचित्रकार डोरोथिया लँगने १९३६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या निपोमो इथे मजुरांच्या तळावर एका आईचा तिच्या मुलांसह फोटो काढला. अमेरिकेतल्या मंदीचा तो चेहरा ठरला. लँगने तिचं नाव विचारलं नव्हतं. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन हे नाव जगाला कळलं १९७८ मध्ये, आणि त्या फोटोचा आपल्याला काही लाभ झाला नाही ही त्यांची खंत होती. म्हणून त्याच रात्री वहीत लिहा: नाव, ते कसं लिहिलेलं त्यांना चालेल, गाव, तारीख, काय चाललं होतं, आणि फोटो कुठे कुठे दाखवायला त्यांची हरकत नाही. चित्राखालच्या दोन ओळी हे निम्मं काम आहे.

चौकटीतून काय काढून टाकायचं हाही प्रश्न येतोच. एडवर्ड कर्टिस या छायाचित्रकाराने उत्तर अमेरिकेतल्या मूलनिवासींवर १९०७ ते १९३० या काळात २० खंड काढले. त्यांतल्या पीगन जमातीच्या तंबूतल्या त्याच्या एका फोटोत दोन माणसांच्या मधोमध घड्याळ होतं. प्रसिद्ध केलेल्या चित्रातून ते खोडलं गेलं, कारण त्याला दाखवायचा होता जुना, अस्पर्श काळ. आज घोड्याच्या पाठीवर सोलर पॅनेल असेल, चुलीशेजारी मोबाइल असेल, तर तो तसाच येऊ द्या. तुमच्या कल्पनेतली परंपरा जपणं हे त्या माणसांचं काम नाही.

ठरवून, मांडणी करून फोटो काढूच नयेत असं मात्र मी म्हणत नाही. छायाचित्रकार गौरी गिल यांचं जव्हार भागातलं काम जरूर बघा. तिथे बोहाड्याचे, म्हणजे सोंगं नाचवण्याच्या उत्सवाचे, मुखवटे कागदाच्या लगद्यापासून घडवणारे आदिवासी कलाकार आहेत. सुभाष आणि भगवान धर्मा कडू हे भाऊ आणि त्यांच्या साथीदारांनी देवादिकांऐवजी आजच्या माणसांचे, प्राण्यांचे, वस्तूंचे मुखवटे केले आणि गावकरी ते घालून आपापल्या रोजच्या जागी कॅमेऱ्यासमोर आले. ही कला आहे आणि ती उघडपणे मांडणी म्हणून समोर येते. वर्ल्ड प्रेस फोटोसारख्या वृत्तछायाचित्रांच्या स्पर्धेत मात्र प्रसंग घडवून आणणं किंवा चित्रातलं काही काढणं-घालणं चालत नाही. दोन्ही वाटा चांगल्या; आपण कुठल्या वाटेवर आहोत हे बघणाऱ्याला सांगितलं पाहिजे.

कायद्याचं थोडक्यात. स्वतःहून काढलेल्या फोटोचा हक्क तुमचा. पण कुणी पैसे मोजून काढून घेतला, तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार, वेगळा करार नसल्यास, पहिला मालक पैसे देणारा. म्हणून करार लेखी करा. लैंगिक अत्याचार झालेल्या मुलांची ओळख उघड करणं गुन्हा आहे. अंदमानात जारवा आदिवासींचे फोटो काढणं हासुद्धा गुन्हा आहे, पर्यटकाला आणि ‘डॉक्युमेंटरी’वाल्यालाही.

शिकायचं कुठे? दिल्लीच्या जामिया मिलियामध्ये स्थिरचित्रणाचा पदव्युत्तर डिप्लोमा आहे, एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेचा फोटोग्राफी डिझाइनचा अभ्यासक्रम गांधीनगरला आहे, आणि छायाचित्रकार शाहिदुल आलम यांनी १९९८ मध्ये उभारलेली ढाक्याची पाठशाला ही आपल्या उपखंडातली माहितीपर छायाचित्रणाची फार महत्त्वाची शाळा. प्रवेश मिळाला नाही तरी अडत नाही. छायाचित्रकार सुधारक ओलवे वर्तमानपत्रातली नोकरी करत मुंबईच्या सफाई कामगारांबरोबर वर्षानुवर्षं काम करत राहिले. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. घर चालवायला लग्नं, कारखाने, जाहिराती करा. त्यात कमीपणा नाही, आणि लग्नात भराभर बदलणाऱ्या उजेडाशी जो सराव होतो तो वाड्यावर कामी येतो.

पहिलं काम दाखवायला ग्रामीण भारताविषयीचं ‘पारी’ हे संकेतस्थळ चांगलं आहे. २०१४ पासून चालू आहे, मराठीतही वाचता येतं, आणि तिथे फोटोंबरोबर नीट लिहिलेला मजकूर लागतो. निवड करताना पंधरा-वीस फोटोंच्या वर जाऊ नका. छोटे प्रिंट जमिनीवर पसरा, एकच गोष्ट सांगणाऱ्या दोघांतला एक काढून टाका. सगळ्यात देखणा फोटो विषयाशी बोलत नसेल तर तोही काढून टाका. मग त्या माणसांपैकी कुणालातरी शेजारी बसवून क्रम लावा. आमच्या मालिकेत सुरुवातीला मी मेंढरं ठेवली होती. वाड्यावरच्या एका मावशींनी घोडं लादतानाचा फोटो उचलून पुढे ठेवला, “दिवस इथनं सुरू होतो” म्हणाल्या, आणि तो क्रम आजही तसाच आहे.