सांगलीहून रत्नागिरी: सकाळ राजवाड्याला, संध्याकाळ किल्ल्याला

सांगलीहून रत्नागिरीला जाणारे बहुतेक जण आंबा घाट उतरले की थेट गणपतीपुळे गाठतात आणि शहर राहूनच जातं. मला त्याची फार हळहळ वाटते. एक मुक्काम शहरात कराच.

सकाळी थिबा राजवाडा बघा. ब्रह्मदेशचा शेवटचा राजा थिबा याला इंग्रजांनी 1885 साली पदच्युत केलं आणि पुढे रत्नागिरीत नजरकैदेत ठेवलं. हा वाडा 1910 मध्ये बांधून झाला; 1916 मध्ये राजा इथेच वारला. लाकडी कोरीवकामाच्या अर्धगोल खिडक्यांपाशी थोडं थांबा. सोमवार मात्र टाळा, सरकारी संग्रहालयं बहुधा त्या दिवशी बंद असतात. टिळक आळीतलं लोकमान्यांचं जन्मघर जवळच आहे, तिथे अर्धा तास पुरतो.

रत्नदुर्ग संध्याकाळसाठीच ठेवा. तीन बाजूंना समुद्र, आत भगवतीचं देऊळ. दुपारी तिथला चिरा इतका तापतो की देवळाबाहेर चपला काढून उभं राहवत नाही. साडेचारच्या सुमारास पोचलात तर तटावरून निवांत फिरून सूर्यास्तही मिळतो. पाण्याची बाटली खालूनच भरून न्या.