जॉर्ज टाउन: क्रूझवरून उतरल्यावरचा एक दिवस

मलेशियातल्या पेनांगला क्रूझ स्वेटनहॅम पियर या धक्क्याला लागते आणि तिथून जुनं जॉर्ज टाउन पायी गाठता येतं. म्हणून जहाजावरची महागडी बससहल घेऊ नका, असं मी भेटेल त्याला सांगते. नाश्ता उरकला की लगेच उतरा, नंतर ऊन सोसवत नाही. थोडे सुटे रिंगिट जवळ असू द्या.

फोर्ट कॉर्नवॉलिस बाहेरून पाहिला तरी चालेल. खरा वेळ द्यायचा तो जालान मस्जिद कपितान केलिंग या रस्त्याला. 1818 चं सेंट जॉर्ज चर्च, पुढे करुणेची देवी क्वान यिनचं चिनी मंदिर, जवळच मारिअम्मनचं देऊळ आणि मग भारतीय मुस्लिम व्यापाऱ्यांनी उभारलेली मशीद, सगळं काही मिनिटांच्या चालीवर! क्वान यिनच्या अंगणात उदबत्त्यांचा धूर डोळ्यांना झोंबतो; तिथून लिटल इंडियात वळलं की फुलांचे गजरे आणि तमिळ गाणी. इथे घाई करू नका, बसा. मशिदीसाठी ओढणी आणि पूर्ण बाह्यांचे कपडे हवेतच.

जेवायला जहाजावर परतू नका. नासी कंदर हा इथला भात-रस्सा घ्या आणि दोन-तीन रस्से भातावर एकत्र ओतायला सांगा, चव त्या मिसळण्यातच आहे. वर थंडगार चेंडोल, म्हणजे नारळाच्या दुधातलं बर्फाचं गोड.

च्यू जेटी या पाण्यावर खांबांवर उभ्या असलेल्या चिनी वस्तीत आजही लोक राहतात, त्यांच्या दारात डोकावून फोटो काढू नका.

उतरण्यापूर्वी जहाजाची वेळ आणि बंदराची वेळ एकच आहे ना, हे विचारून घ्या. परतायचं ते जहाजाच्या घड्याळाप्रमाणे.