मधुमेह कळला? आधी जेवणाचा क्रम बदला

रिपोर्ट हातात आला की पहिला विचार येतो, आता भात बंद, आंबा बंद, सगळंच बंद. आईचं तसंच झालं होतं. आठ दिवस ती ताटाकडे बघून गप्प बसायची. तुमच्या घरी असंच चाललं असेल तर सुरुवातीला पदार्थ तेच ठेवा, फक्त क्रम बदला. काकडीची कोशिंबीर आणि पालेभाजी आधी, मग मटकीची उसळ किंवा घट्ट वरण, भाकरी आणि भात शेवटी. चोथा आणि प्रथिनं आधी पोटात गेली की भाताची साखर रक्तात सावकाश उतरते. शिवाय तोवर निम्मी भूक भागलेली असते. आईचा दोन वाट्या भात एका वाटीवर आला, तोही कुणी न सांगता.

फरक ग्लुकोमीटरवर, म्हणजे घरी रक्तातली साखर मोजायच्या यंत्रावर, बघा. जेवायला सुरुवात केल्यापासून दोन तासांनी मोजा. बहुतेकांसाठी १८० च्या आत हे लक्ष्य असतं. आकडा वहीत लिहा, शेजारी काय खाल्लं तेही.

उपवासाला मात्र सांभाळा, साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. गूळही साखरच.

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी, शरीरातलं इन्सुलिन वाढवणारी गोळी चालू असेल तर भात-भाकरी एकदम कमी करू नका, आधी डॉक्टरांशी बोला. साखर फार खाली घसरू शकते. हात थरथरले, दरदरून घाम फुटला, तर लगेच तीन चमचे साखर पाण्यात घालून प्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा.