रिपोर्ट नॉर्मल आला, पण त्रास तसाच आहे?

दम लागतो, वजन उतरतंय, ताप जात नाही आणि रिपोर्ट मात्र नॉर्मल, अशा वेळी फाईल बंद करू नका. आधी सँपलची चौकशी करा.

आपल्याकडे तालुक्याच्या कलेक्शन सेंटरवर सकाळी रक्त घेतात आणि मशीन असतं लातूरला, नांदेडला किंवा संभाजीनगरला. रक्तातल्या पेशी नळीतही साखर खातच राहतात. साध्या नळीत रक्त तसंच पडून राहिलं तर तासाला साधारण 5 ते 7 टक्के साखर घटते, मे महिन्याच्या उन्हात त्याहून जास्त. उपाशीपोटी 132 असलेली साखर तीन तासांनी 110च्या आसपास भरते. मधुमेह 126पासून धरतात, म्हणजे निदान हुकलंच. म्हणून शुगरसाठी राखाडी झाकणाची फ्लोराइडची नळीच वापरायला सांगा. तिचाही परिणाम पूर्ण व्हायला एक-दोन तास जातात, त्यामुळे जमेल तर मशीन असलेल्या लॅबमध्येच जाऊन रक्त द्या. सँपल घेतल्याची वेळ रिपोर्टवर आहे का, तेही बघा.

तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी तपासणी उन्हाने इतकी बिघडत नाही. पण नुकतंच रक्त चढवलं असेल किंवा बराच रक्तस्राव झाला असेल तर ती खोटी कमी येते, आणि लोहाच्या कमतरतेत खोटी जास्त. हे डॉक्टरांना आधीच सांगायचं.

किडनीसाठी करतात त्या क्रिएटिनिनच्या रक्ततपासणीवर फार विसंबू नका. किडनीचं काम निम्म्यावर येईपर्यंत ते मर्यादेत राहू शकतं. अंगाने बारीक, वयस्कर बाईत तर हमखास फसवतं. शुगर-बीपीवाल्यांनी आणि ऊसतोडीत कंबरदुखीसाठी रोज वेदनाशामक गोळ्या घेणाऱ्यांनी ईजीएफआर (किडनी रक्त किती गाळते याचा अंदाज) आणि सकाळच्या पहिल्या लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन प्रमाण बघून घ्यावं. हे प्रमाण 30च्या वर आलं तर तपासणी पुन्हा करून खात्री करायची.

दोन आठवड्यांचा खोकला असेल तर टीबीच्या तपासणीसाठी बेडका द्या, थुंकी नव्हे. सकाळी साध्या पाण्याने चूळ भरा, दोन-तीन खोल श्वास घ्या आणि छातीतून खोकून 2 ते 5 मिली काढा, तेही घराबाहेर मोकळ्या हवेत. सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसायला एका मिलीत ते हजारोंनी असावे लागतात, त्यामुळे त्यात निगेटिव्ह आलं तरी सरकारी दवाखान्यात मोफत होणारी ट्रूनॅट किंवा सीबीनॅट (टीबीच्या जंतूची जनुकं शोधणारी तपासणी) करायला सांगा. मानेच्या गाठीचा किंवा मणक्याचा टीबी बेडक्यात सापडतच नाही.

डेंग्यूची एनएस1 तपासणी तापाच्या पहिल्या पाच दिवसांत खरी, पुढे आयजीएम (शरीराने डेंग्यूविरुद्ध बनवलेल्या अँटिबॉडीची तपासणी).

छातीत दाब, घाम, डाव्या हाताला किंवा जबड्याला कळ असेल आणि पहिला ईसीजी चांगला आला, तरी घरी येऊ नका. हार्ट अटॅकमध्येही सुरुवातीला तो नॉर्मल असू शकतो. 15 ते 30 मिनिटांनी तो पुन्हा काढायचा, ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली का हे दाखवणारी रक्ततपासणी) लगेच आणि परत तीन ते सहा तासांनी. दवाखाना लांब असेल तर 108 नंबरची रुग्णवाहिका बोलवा. मोटारसायकलवर माणूस नेऊ नका.

जुने रिपोर्ट जपून ठेवा आणि नवे त्यांच्याशेजारी धरा. पुरुषाचं हिमोग्लोबिन गेल्या वर्षी 15.5 होतं आणि यंदा 13.2 आहे, तर दोन्ही आकडे मर्यादेतच छापून येतील. तरीही पोटात कुठे रक्त जातंय का, हे तपासायला सांगा.