पाया खणण्याआधी पांढर बघा

तेर, पैठण, जुन्नर अशा जुन्या गावात प्लॉट घेतलाय? मग जेसीबी सांगण्याआधी एक सकाळ रानात चाला, पांढर म्हणजे जुन्या वस्तीची पांढरट माती कुठे दिसते का बघा. त्याआधी कागद: केंद्र संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम होत नाही, पुढच्या २०० मीटरांत परवानगी लागते.

पहिला पाऊस झाला की धुतलेली खापरं वर येतात. तिरप्या उन्हात, सरळ पट्टे धरून चाला. काळ्या रानात राखेसारखी भुसभुशीत पांढर दिसली की थांबायचं. खापराची कड बघा. आतून काळं, बाहेरून तांबडं म्हणजे बरंच जुनं, बहुधा सातवाहन काळातलं किंवा त्याआधीचं. लालवर काळी नक्षी आणि टिचकी मारल्यावर खणखणीत आवाज? जोर्वे, म्हणजे ताम्रपाषाण काळातलं भांडं असू शकेल. पण एकट्यादुकट्या खापरावर भाळू नका, शेणखताबरोबर ती कुठूनही येतात.

मला स्वतःला विहिरीची कापलेली कड जास्त आवडते. राख, हाडं, विटा, सगळे थर फुकटात दिसतात.

फोटो काढा, जागा टिपा. स्वतः उकरू नका, पुरातत्त्व विभागाला कळवा. आणि हो, दहा रुपयांहून जास्त किमतीचं गुप्तधन सापडलं, तर १८७८ च्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावंच लागतं.