या महिन्यात कोणती नवी क्राइम कादंबरी घ्यायची, ते कसं ठरवायचं

रहस्यकथा पहिल्यांदा एकदाच वाचता येते. खुनी कोण ते कळलं की कळलं, नंतर कितीही पारायणं करा, तो पहिला धक्का काही परत मिळत नाही. म्हणून नवीन पुस्तक निवडताना मी जेवढी काळजी घेते तेवढीच ते वाचायला बसेपर्यंत आपल्याला काही कळू नये याचीही घेते.

आधी पुस्तक खरंच नवीन आहे का ते बघा. जुन्याच कादंबऱ्या नवं कव्हर घालून येतात, कधी कधी तर एकच पुस्तक अमेरिकेत एका नावाने आणि ब्रिटनमध्ये दुसऱ्याच नावाने निघतं, आणि आपण अर्ध्यावर पोचल्यावर लक्षात येतं की अरे हे तर वाचलंय! आतल्या कॉपीराइटच्या पानावर पहिल्या आवृत्तीचं साल असतं, ते एकदा डोळ्याखालून घाला. इंग्रजीतली नवी पुस्तकं अमेरिकेत बहुतेक मंगळवारी येतात आणि ब्रिटनमध्ये गुरुवारी, त्यामुळे आठवड्यातून दोनदा नजर टाकली तरी पुरते. हार्डकव्हर परवडत नसेल तर पेपरबॅक साधारण वर्षभराने येतं, आणि तोवर त्या पुस्तकाची हवाही खाली बसलेली असते, त्यामुळे थांबण्यात काहीच नुकसान नाही.

निवडीसाठी माझा सगळ्यात जास्त भरवसा पुरस्कारांच्या शॉर्टलिस्टवर. बेस्टसेलरची यादी काय विकलं गेलं ते सांगते, शॉर्टलिस्ट मात्र भरपूर क्राइम वाचून मुरलेल्या परीक्षकांनी काय निवडलं ते सांगते. अमेरिकेतल्या मिस्टरी रायटर्स ऑफ अमेरिका या संघटनेचे एडगर पुरस्कार १९४६ पासून आहेत, त्यांची नामांकनं जानेवारीत एडगर अ‍ॅलन पोच्या वाढदिवसाच्या, म्हणजे १९ तारखेच्या आसपास जाहीर होतात. ब्रिटनच्या क्राइम रायटर्स असोसिएशनचे डॅगर पुरस्कार १९५५ पासूनचे, त्यात थ्रिलरसाठी वेगळा स्टील डॅगर आहे आणि भाषांतरित कादंबऱ्यांसाठी वेगळा क्राइम फिक्शन इन ट्रान्सलेशन डॅगर. डेन्मार्क, फिनलंड, आइसलंड, नॉर्वे आणि स्वीडन या पाच देशांतल्या लेखकांसाठी 'ग्लास की' नावाचा पुरस्कार आहे, तो १९९२ पासून. मी विजेत्यापेक्षा पहिल्या कादंबरीच्या नामांकनांकडे आधी वळते, कारण मागच्या पुस्तकांचं ओझं नसतं आणि लेखकाने वर्षानुवर्षं साठवलेलं सगळं त्यात ओतलेलं असतं.

मग प्रकार बघा. हल्ली प्रकाशक सरसकट सगळ्यावर थ्रिलर लिहितात आणि तिथेच वाचक फसतो. रोनाल्ड नॉक्स नावाच्या इंग्लिश लेखकाने १९२९ मध्ये गुप्तहेरकथेचे १० नियम मांडले होते, त्यातला पहिलाच असा की गुन्हेगार कथेत सुरुवातीलाच कुठेतरी दिसलेला हवा, आणि आणखी एक म्हणजे गुप्तहेराला सापडलेला पुरावा वाचकालाही लगेच दिसला पाहिजे. खुनी कोण छापाच्या कादंबरीत आपण याच करारावर वाचत असतो. थ्रिलरमध्ये तो करार नाही, तिथे गुन्हेगार पहिल्याच पानावर माहीत असू शकतो आणि प्रश्न एवढाच असतो की आता नायक त्याच्या तावडीतून जिवंत सुटणार कसा. तुम्हाला कोडं सोडवायचंय आणि हातात पाठलाग आला, तर चांगलं पुस्तकसुद्धा वाईट वाटतं. दिवसभर दमून झोपताना १० पानं वाचणार असाल तर कोडं घेऊ नका, दुवे विसरायला होतात. सलग वेळ मिळणार असेल तेव्हाच ते काढा. ऑडिओवर ऐकणाऱ्यांनी तर थ्रिलरच घ्यावं असं मला वाटतं, कारण मागे जाऊन तो एक संवाद पुन्हा शोधणं कानाने फार अवघड जातं.

सॅम्पल नक्की वाचा, पहिली २० पानं पुरतात. मी बघते की मेलेला माणूस माणूस वाटतोय का नुसतं प्रेत आहे, आणि तपास करणारा असा प्रश्न विचारतोय का ज्याचं उत्तर मलाही हवंय. सुरुवातीलाच तिरक्या अक्षरात खुन्याचं मनोगत आलं तर मी शक्यतो ठेवून देते, फार झालंय ते.

सिरीज असेल तर प्रकाशनाच्या क्रमानेच वाचा. मी एकदा चौथा भाग आधी वाचला आणि त्यात एका साध्या वाक्यात पहिल्या भागातला खुनी सांगून टाकलेला, इतकं वाईट वाटलं की पहिला भाग आजपर्यंत उघडला नाही. भाषांतरात तर कधी कधी तिसरा भाग आधी येतो, म्हणून मूळ भाषेतला क्रम तपासा.

आता स्पॉयलर, म्हणजे रहस्य आधीच फोडणारी माहिती. मागच्या कव्हरवरचा मजकूर पहिल्या दोन ओळींनंतर सोडून द्या, त्यात बऱ्याचदा १०० पानांपर्यंतची गोष्ट सांगितलेली असते. "शेवटचा ट्विस्ट बघाच" असं वाचलं की आपण पूर्ण वेळ ट्विस्ट शोधत बसतो, म्हणून रिव्ह्यू वाचायचे ते पुस्तक संपल्यावर. किंडलवर वाचत असाल तर पात्रांची माहिती देणाऱ्या एक्स-रे नावाच्या सोयीला हात लावू नका, इतरांनी अधोरेखित केलेल्या ओळीही बंद ठेवा, आणि किती टक्के झालं तो आकडासुद्धा लपवा, कारण ६० टक्क्यांवर कुणाला अटक झाली तर तो खुनी नाही हे लगेच कळतं! छापील पुस्तकात उरलेली पानं हाताला लागतातच, पण शेवटी कधी कधी पुढच्या भागाचं पहिलं प्रकरण जोडलेलं असतं, त्यामुळे तिथेही अंदाज चुकतो.

वाचताना पात्रांची नावं एका चिठ्ठीवर लिहीत जा, जपानी किंवा आइसलँडिक कादंबरी असेल तर हे हवंच. आणि साधारण तीन चतुर्थांश झालं की थांबा, पुस्तक मिटा, त्याच चिठ्ठीच्या मागे लिहा की खुनी कोण आणि तुम्हाला तसं का वाटतं, नुसतं नाव नको. मग एका बैठकीत शेवट गाठा आणि लगेच पहिलं प्रकरण परत उघडून बघा, लेखकाने सगळं समोरच कुठे मांडून ठेवलं होतं ते.