आधी लॅम्पोर्ट वाचा, टूल्स नंतर

डिस्ट्रिब्युटेड सिस्टिम्समध्ये, म्हणजे अनेक मशीननी मिळून एकच काम करण्याच्या क्षेत्रात, यायचंय म्हणून जी मुलंमुली सल्ला विचारतात, त्यांचा पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो: काफ्का आधी शिकू की कुबरनेटिस? पुण्यात स्टोरेज आणि डेटाबेसचं काम करणाऱ्या कंपन्या बऱ्याच आहेत, नोकरीच्या जाहिरातींत याच टूल्सची नावं असतात, त्यामुळे प्रश्न रास्तच आहे. मी मात्र त्यांच्या हातात आधी संगणकशास्त्रज्ञ लेस्ली लॅम्पोर्ट यांचा १९७८ सालचा, घटनांच्या क्रमावरचा पेपर देते. आठच पानं आहेत, पण या कामात माणूस आयुष्यभर का रमतो ते त्यांतून कळतं.

लॅम्पोर्ट मूळचे गणिताचे. १९७२ मध्ये ब्रँडाइस विद्यापीठातून त्यांनी पीएचडी केली तीही गणितातच. पुढे एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करताना पॉल जॉन्सन आणि रॉबर्ट थॉमस यांचं एक टिपण त्यांच्या वाचनात आलं. एकाच डेटाबेसच्या प्रती वेगवेगळ्या मशीनवर असतील तर त्या एकसारख्या कशा ठेवायच्या, हा त्याचा विषय. त्यातल्या टाइमस्टॅम्पच्या, म्हणजे प्रत्येक बदलावर वेळ टाकायच्या, पद्धतीत परिणाम कारणाच्या आधी लागू शकतो, हे लॅम्पोर्ट यांच्या लक्षात आलं, कारण त्यांना विशेष सापेक्षतावाद चांगला ठाऊक होता. सगळ्यांना लागू पडेल असं एकच ‘आत्ता’ तिथे नसतं. एका घटनेची खबर दुसरीपर्यंत पोहोचू शकत असेल, तरच पहिली आधीची.

त्यातून निघालेली युक्ती कागदावर करून बघा. प्रत्येक मशीनकडे एक आकडा. काहीही घडलं की तो एकाने वाढवायचा, आणि निरोप पाठवताना सोबत जोडायचा. निरोप आला की आपला आकडा आणि आलेला आकडा यांतला मोठा घ्यायचा आणि त्यात एक मिळवायचा. ‘अ’ने ७ लिहून निरोप पाठवला, ‘ब’ ३ वर होता, तो ८ वर गेला. ‘ब’ने ९ लिहून ‘क’ला कळवलं, ‘क’ आधीच १२ वर होता, तो १३ वर गेला. कारणाचा आकडा परिणामापेक्षा नेहमी लहान राहतो. उलट मात्र खरं नाही: आकडा लहान म्हणून ती घटना आधीची, असं म्हणता येत नाही. ‘ब’चा ८ आणि ‘क’चा तो १२ यांचा एकमेकांशी काहीच संबंध नाही. इथे जरा थांबा, घाईने पुढे जाऊ नका. मुलाखतीत चांगली चांगली मुलं इथेच अडखळतात.

नोकरीत हे रोज भेटतं. मी काम केलेल्या एका पेमेंट सेवेच्या लॉगमध्ये पैसे परत केल्याची नोंद पैसे कापल्याच्या नोंदीच्या काही मिलिसेकंद आधीची दिसत होती. दोन्ही सर्व्हर ठणठणीत होते, फक्त त्यांची घड्याळं जुळत नव्हती. तो पेपर डोक्यात असलेला माणूस अशा वेळी वेळेचा रकाना बाजूला ठेवतो आणि कुठला निरोप कुठून कुठे गेला याचा माग काढतो.

लॅम्पोर्ट यांच्या कामामागची ओढ मला सगळ्यात जास्त पॅक्सोसच्या, म्हणजे काही मशीन बंद पडली तरी बाकीच्यांचं एकमत घडवणाऱ्या त्यांच्या अल्गोरिदमच्या, गोष्टीत दिसते. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमधल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी एको नावाची फाइल सिस्टिम बांधली होती. निम्म्याहून जास्त मशीन चालू असतील तर काम पुढे सरकतं आणि काहीही बंद पडलं तरी प्रती विसंगत होत नाहीत, असा त्यांचा दावा. हे अशक्य आहे हे सिद्ध करायला लॅम्पोर्ट बसले, आणि सिद्धतेच्या जागी अल्गोरिदम सापडला. १९९० मध्ये पाठवलेला तो पेपर छापून यायला १९९८ उजाडलं. संगणकशास्त्रातलं २०१३ चं ट्युरिंग पारितोषिक त्यांना मिळालं. आपल्याला न पटलेल्या दाव्याच्या मुळाशी जायची ही सवय लावून घ्या. डिझाइन रिव्ह्यूमध्ये तिच्याइतकं दुसरं काही उपयोगी पडत नाही.

आपल्या मातीतला माणूस हवा असेल तर के. मणी चांडी बघा, आयआयटी मद्रासचे. ऑस्टिनमध्ये एका रात्री जेवताना त्यांनी लॅम्पोर्टना कोडं घातलं: चालू सिस्टिम न थांबवता तिच्या एकूण स्थितीचं सुसंगत चित्र कसं घ्यायचं? दुसऱ्या दिवशी सकाळी दोघांकडे एकच उत्तर तयार होतं. १९८५ मध्ये छापलेल्या त्या अल्गोरिदमचंच एक रूप आज फ्लिंक या सतत येणारा डेटा हाताळणाऱ्या टूलच्या चेकपॉइंटमध्ये, म्हणजे स्थिती जपून ठेवायच्या सोयीत, चालतं.

आता प्रत्यक्ष कामाला हात घालण्याचं. एमआयटीच्या डिस्ट्रिब्युटेड सिस्टिम्स कोर्सची रॉबर्ट मॉरिस यांची व्याख्यानं मोफत बघायला मिळतात आणि त्याच्या लॅबमध्ये गो भाषेत राफ्ट लिहावं लागतं. राफ्ट म्हणजेही एकमताचीच रीत, २०१४ ची, पॅक्सोसपेक्षा समजायला सोपी असावी म्हणूनच मुद्दाम घडवलेली. तिच्यात एक सर्व्हर नेता असतो, तो गप्प झाला की बाकीचे निवडणूक लावतात. मतं फुटू नयेत म्हणून प्रत्येकाची वाट बघायची मुदत वेगळी, राफ्टच्या पेपरात १५० ते ३०० मिलिसेकंदांमधली कुठलीही. टेस्ट एकदा पास झाली म्हणून पुढे जाऊ नका, रात्रभर पुन्हा पुन्हा चालू द्या. पहाटे त्यातली एखादी पडलेली दिसली की पाच सर्व्हरचे लॉग शेजारी शेजारी लावून वाचायचे. या कामातलं खरं शिक्षण तेच, आणि मला ते अजूनही मनापासून आवडतं.

हे झालं की टीएलए प्लस घ्या, सिस्टिमचे नियम नेमके लिहून तपासायची भाषा, तीही लॅम्पोर्ट यांचीच. ॲमेझॉनच्या इंजिनिअरांना तिच्या मदतीने डायनॅमोडीबी या त्यांच्या डेटाबेसमध्ये असा एक दोष सापडला, की तो दिसायला कमीत कमी ३५ पायऱ्या ओळीने घडाव्या लागत. रिव्ह्यू करणाऱ्या माणसाच्या नजरेस तो पडणं कठीणच. सुरुवात टू-फेज कमिटपासून, म्हणजे सगळ्यांनी होकार दिला तरच बदल पक्का करायच्या रीतीपासून, करा: तीनच नोड (मशीन) घ्या, नियम लिहा, सगळ्या शक्यता तपासणारा मॉडेल चेकर चालवा, मग होकार गोळा करणारा कोऑर्डिनेटर मध्येच बंद पाडा आणि बाकीचे कुठे अडकून बसतात ते बघा.